जिरामधे व्हर्जन कुणी, कधी आणि कुठलं लावायचं

प्रश्न थोडक्यात असा होता: टीम वीसेक जणांची, बग आणि कामांची तिकिटं ठेवायला जिरा हे सॉफ्टवेअर वापरतात, एकाच वेळी व्हर्जनच्या तीन लाइन, म्हणजे मालिका, चालू (२.३ आणि २.४ कस्टमरकडे, २.५ बनतंय), व्हर्जनच्या यादीत "२.४", "व्ही२.४", "२.४.०", "२.४ फायनल", "नेक्स्ट रिलीज" असलं सगळं साचलंय, आणि रिलीज नोट्स (नव्या व्हर्जनमधे काय बदललं त्याची यादी) काढायला बसलं की दर वेळी वाद. तर अफेक्ट्स व्हर्जन (बग कुठल्या व्हर्जनमधे आहे) आणि फिक्स व्हर्जन (दुरुस्ती कुठल्या व्हर्जनमधे आली) कुणी, कधी, कुठलं भरायचं, आणि हा पसारा आवरायचा कसा?

रिलीज मॅनेजमेंट बरीच वर्षं करतोय त्यामुळे जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

सगळ्यात आधी टीममधे एक गोष्ट ठरवून टाका. फिक्स व्हर्जन या फील्डने एकाच प्रश्नाचं उत्तर द्यायचं: हा फिक्स हवा असेल तर कुठलं बिल्ड (तयार होऊन निघालेलं सॉफ्टवेअर) घेऊ? बस. हे काम कधी करायचंय, किती अर्जंट आहे, कुठल्या स्प्रिंटमधे आहे, मॅनेजरने कुणाला काय शब्द दिलाय, यातलं काहीही त्या फील्डमधे यायला नको. तुमच्याकडची बहुतेक भांडणं इथूनच येतायत असं मला वाटतं, कारण प्रॉडक्टवाले त्यात प्लॅन लिहितात, डेव्हलपर त्यात काय झालं ते लिहितात, आणि रिलीजच्या दिवशी दोघांचं मिळून जे काही तयार झालंय त्याची यादी तुम्ही कस्टमरला पाठवता. प्लॅन लिहायला वेगळी जागा द्या. अपाचेच्या स्पार्क प्रोजेक्टमधे हे फार सरळ ठेवलंय, तिकीट टाकणाऱ्याने फिक्स व्हर्जन भरायचंच नाही, काम होऊन तिकीट रिझॉल्व्ह (पूर्ण) होताना कमिटर (कोडमधे बदल घ्यायचा अधिकार असलेला) ते भरतो, आणि "या रिलीजमधे घ्यावं असा विचार आहे" यासाठी टारगेट व्हर्जन हे वेगळं फील्ड आहे. तुम्हीपण एक टारगेट व्हर्जन कस्टम फील्ड काढा, व्हर्जन पिकर टाइपचं, अ‍ॅडमिनचं दहा मिनिटांचं काम आहे, आणि प्रॉडक्टवाल्यांना सांगा की तिथे काय हवं ते खेळा.

जिरामधे यासाठी परमिशनही आहे हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. फिक्स व्हर्जन बदलायचा अधिकार "रिझॉल्व्ह इश्यूज" या परमिशनला जोडलेला आहे, म्हणजे ती ज्याला नाही त्याला ते फील्ड भरताच येत नाही. आणि नवीन व्हर्जन बनवायचा अधिकार प्रोजेक्ट अ‍ॅडमिनला. आता तुमच्याकडे वीसपैकी किती जण प्रोजेक्ट अ‍ॅडमिन आहेत ते बघा, माझा अंदाज निम्मे तरी निघतील, कारण कधीतरी कुणालातरी बोर्ड बदलायचा होता म्हणून दिलेला असतो आणि परत काढायचं कुणाच्या लक्षात राहत नाही. तो दोघांवर आणा, एक माणूस आणि तो सुट्टीवर गेला तर दुसरा. "२.४ फायनल" तिथेच थांबेल.

आता एक तिकीट सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघू म्हणजे कोण काय भरतो ते कळेल. समजा बिलिंगचं सॉफ्टवेअर आहे, सर्व्हर यूटीसी या जागतिक वेळेवर चालतो, आणि रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या मधे बनवलेल्या बिलाच्या पीडीएफवर आदल्या दिवसाची तारीख येते (भारतीय वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, त्यामुळे तेवढाच पट्टा गंडतो, दिवसा टेस्ट करणाऱ्याला हा बग कधीच दिसत नाही). कस्टमर २.४.० वर आहे. सपोर्टवाला तिकीट टाकतो, अफेक्ट्समधे २.४.०, कारण तेवढंच त्याला माहीत आहे. फिक्स रिकामं. क्यूए (टेस्ट करणारा) तेच २.३.६ वर चालवून बघतो कारण २.३ लाइन अजून सपोर्टमधे आहे, तिथेही येतं, म्हणून अफेक्ट्समधे २.३.६ वाढवतो. डेव्हलपर मेनवर (कोडच्या मुख्य शाखेवर) फिक्स मर्ज करतो, म्हणजे त्यात मिसळतो, २.५ ची ब्रँच (वेगळी शाखा) अजून कापलेली नाही म्हणजे मेन हेच पुढचं २.५.०, तर मर्ज झाल्यावर (आधी नाही, पुल रिक्वेस्ट, म्हणजे मर्जची विनंती, उघडल्यावरही नाही) फिक्समधे २.५.०. लीड म्हणतो २.४ लापण द्या, महिनाअखेरीच्या बिलांचा प्रश्न आहे. २.४ च्या ब्रँचवर चेरी-पिक होतं (तेवढाच बदल तिथे कॉपी होतो), त्या ब्रँचवरून पुढे निघणारं बिल्ड २.४.१, म्हणून फिक्समधे २.४.१ पण. २.३ मधे करायचं नाही असं ठरतं, ते कमेंटमधे एका ओळीत लिहायचं, "२.३ मधे करणार नाही, २.४ ला या". शेवटी तिकिटावर दिसतं: अफेक्ट्स २.३.६, २.४.०, फिक्स २.४.१, २.५.०. सपोर्टमधे कालच जॉइन झालेल्या पोरालाही यावरून कस्टमरला उत्तर देता येतं.

२.५.१, २.६.० का नाही लिहिलं? कारण ती २.५.० च्या पोटातूनच येणार आहेत. एका लाइनमधे एकच नंबर, त्या लाइनमधला पहिला. सगळे लिहीत बसलात तर प्रत्येक रिलीज नोटमधे तोच बग पुन्हा पुन्हा फिक्स झालेला दिसेल.

आता खरा घोळ जिथे होतो तिथे येतो, आणि हे जरा नीट वाचा कारण तीन लाइन चालवणाऱ्यांना हे कधी ना कधी लागतंच. व्हर्जनचे नंबर एका रांगेत दिसतात पण रिलीज त्या रांगेत होत नाहीत. २.५.० मार्चमधे गेलं आणि २.४.७ मेमधे गेलं असं सर्रास होतं. मेमधल्या २.४.७ मधे एक फिक्स गेला, तो अर्थातच मार्चच्या २.५.० मधे नाही, तो फार तर २.५.१ मधे येईल किंवा कुणी विसरलं तर येणारच नाही. कस्टमर २.४.७ वर सुखात असतो, सेल्सवाले त्याला २.५.० वर चढवतात, आणि बरा झालेला बग परत. कस्टमरच्या डोक्यात सरळ हिशोब असतो की ५ मोठा ४ लहान, आणि त्याची काही चूक नाही. म्हणून जुन्या लाइनमधे फिक्स टाकताना नियम एकच ठेवा: आधी मेनवर, मग तिथून खाली चेरी-पिक, आणि मधली एकही जिवंत लाइन सोडायची नाही, सोडली तर का सोडली ते तिकिटावर. आणि वरच्या व्हर्जनवर जायचा सल्ला द्यायच्या आधी जिरात एक क्वेरी मारायची, फिक्समधे २.४ लाइनचं काहीतरी आहे पण २.५ लाइनचं काहीच नाही अशी तिकिटं कुठली. ती यादी रिकामी नसेल तर थांबा.

डेबियन या लिनक्सच्या बग ट्रॅकरने हा प्रश्न जास्त हुशारीने सोडवलाय. तिथे प्रत्येक बगाला "फाउंड" अमुक व्हर्जनमधे आणि "फिक्स्ड" अमुक व्हर्जनमधे अशा नोंदी असतात, आणि कुठलं व्हर्जन कुठल्या व्हर्जनवरून बनलं हे ट्रॅकर पॅकेजच्या चेंजलॉगवरून (बदलांच्या नोंदीवरून) स्वतः काढतो, म्हणजे नंबर मोठा की लहान यावर न जाता वंशावळ बघतो. जिराला वंशावळ कळत नाही, त्याच्यासाठी व्हर्जन म्हणजे नुसती अ‍ॅडमिनने माउसने वरखाली ओढून लावलेली यादी. खरंच, "अर्लिएस्ट अनरिलीज्ड व्हर्जन" हे फंक्शन तारीख बघत नाही, यादीतला क्रम बघतो! तुमच्या यादीत २.५.० चुकून २.४.८ च्या आधी बसलं असेल तर त्या फंक्शनवरचे सगळे डॅशबोर्ड चुकीचं दाखवतायत आणि कुणाला पत्ता नाही.

अफेक्ट्सबद्दल एक मर्यादा लक्षात ठेवा. तिथे एखादं व्हर्जन नाही याचा अर्थ "त्यात बग नाही" असा होत नाही, "कुणी बघितलं नाही" असाही होतो. मोझिलाच्या बगझिला या बग ट्रॅकरमधे यासाठी प्रत्येक फायरफॉक्स रिलीजचा स्वतंत्र स्टेटस फ्लॅग असतो आणि त्याची किंमत अफेक्टेड, अनअफेक्टेड, फिक्स्ड, वोन्टफिक्स यातली काहीतरी असते, म्हणजे तपासलं आणि नाही सापडलं हे वेगळं लिहिता येतं. तुम्हाला एवढं करायची गरज नाही, वीस जणांची टीम त्यातच अडकून पडेल. पण क्यूएला सवय लावा, एखाद्या जिवंत लाइनवर चालवून बघितलं आणि बग आला नाही तर कमेंट टाकायची, कुठल्या बिल्डवर बघितलं त्यासकट. आणि अफेक्ट्समधे मागची सगळी व्हर्जनं भरायचा हट्ट नको, प्रत्येक जिवंत लाइनमधलं जे सापडलं ते एक पुरे. मेलेल्या लाइन विसरा.

याच अफेक्ट्सचा एक फायदा मात्र कुणी घेत नाही. २.५.० बनत असताना आरसीवर (रिलीज कँडिडेट, रिलीजच्या आधीचं चाचणीचं बिल्ड) सापडलेला बग, जो कस्टमरकडे कधी गेलाच नाही, त्याचं अफेक्ट्स पण २.५.० आणि फिक्स पण २.५.०. असली तिकिटं रिलीज नोट्समधून वगळायची, कारण कस्टमरला त्याच्याकडे कधी नसलेला बग दुरुस्त केल्याचं वाचून नुसती भीती वाटते. आरसी१, आरसी२ अशी वेगळी व्हर्जनं जिरात काढायची नाहीत, बिल्ड नंबर एन्व्हायर्नमेंट फील्डमधे लिहा. अँड्रॉइडवाल्यांनी व्हर्जन कोडपण (आतला क्रमांक) तिथेच लिहावा, व्हर्जन नेम (लोकांना दिसणारं) तेवढं अफेक्ट्समधे.

नाव काय ठेवायचं यावर टीम अर्धा दिवस घालवतात. गिटमधे (कोडचा इतिहास ठेवणारं टूल) त्या रिलीजचा टॅग, म्हणजे खुणेचं नाव, जो असेल अक्षरशः तेच नाव. टॅगला पुढे व्ही असेल तर इथे व्ही, नसेल तर नाही, तीन आकडे असतील तर तीनच, "२.४" असं दोन आकडी नाव ठेवलंत की ते २.४.० आहे का अख्खी लाइन यावर वाद चालू. एकाच जिरा प्रोजेक्टमधे सर्व्हर आणि अ‍ॅप दोन्ही असतील तर पुढे प्रिफिक्स लावा, "एपीआय-२.४.१", "अँड्रॉइड-५.१.०". आणि जगाला दाखवायचं मार्केटिंगचं नाव ("दिवाळी रिलीज" वगैरे) डिस्क्रिप्शनमधे.

"नेक्स्ट रिलीज" आणि "फ्युचर" आजच उडवा. रिकामं फिक्स व्हर्जन म्हणजे अजून झालेलं नाही, इतकं साफ उत्तर असताना "फ्युचर" कशाला? ते माळ्यावरच्या ट्रंकेसारखं होतं, टाकायला सगळे चढतात, काढायला कुणी नाही. एक अपवाद मला चालतो, "३.०.०", जर जुनं एपीआय (दुसरे प्रोग्रॅम ज्यातून जोडले जातात तो भाग) मोडणारे बदल खरंच बाजूला ठेवायचे असतील तर, पण तेसुद्धा टारगेटमधे, फिक्समधे नाही. फक्त क्वेरी लिहिताना सांभाळा: "फिक्स व्हर्जन नॉट इक्वल टू २.४.०" असं लिहिलं की ज्यांचं फील्ड रिकामं आहे ती तिकिटं निकालात येतच नाहीत, वेगळं "ऑर इज एम्प्टी" जोडावं लागतं. या एका गोष्टीमुळे "बॅकलॉग एवढाच?" म्हणून खूश झालेले मॅनेजर मी बघितलेत.

डेव्हलपरकडून सगळ्यात जास्त चूक कधी होते ते सांगतो: ब्रँच कापली त्या आठवड्यात. सोमवारी सकाळी २.५ ची रिलीज ब्रँच निघाली, त्या क्षणापासून मेनवर जे मर्ज होतंय ते २.६.०, पण लोकांच्या हाताला २.५.० ची सवय असते आणि ते तेच निवडत राहतात. म्हणून जो ब्रँच कापतो त्यानेच त्याच वेळी जिरात २.६.० बनवायचं आणि ग्रुपवर टाकायचं, आता मेन म्हणजे २.६.०. जिरा ऑटोमेशनमधे मर्ज झालं की "नेक्स्ट अनरिलीज्ड व्हर्जन" आपोआप लावायची सोय आहे, एकच लाइन असणाऱ्यांना ती मस्त आहे, तुमच्यासाठी नाही, कारण मर्ज कुठल्या ब्रँचवर झालं याचं त्याला देणंघेणं नाही, २.४ वरच्या मर्जलाही ते यादीतलं जे पुढचं असेल ते चिकटवेल. तुम्ही सीआयमधे (मर्ज झालं की आपोआप बिल्ड करणाऱ्या यंत्रणेत) छोटी स्क्रिप्ट लिहा: ज्या ब्रँचवर मर्ज झालं तिथल्या पॉम फाइलमधून किंवा पॅकेज फाइलमधून (प्रोजेक्टचं व्हर्जन तिथे लिहिलेलं असतं) व्हर्जन वाचायचं, त्याच्या शेवटचा "स्नॅपशॉट" हा शब्द काढून टाकायचा, कमिटच्या (कोडमधल्या एकेका बदलाच्या नोंदीच्या) मेसेजमधून तिकीट नंबर उचलायचा, आणि जिराच्या एपीआयने त्या तिकिटाच्या फिक्समधे ते व्हर्जन वाढवायचं. वाढवायचं, बदलायचं नाही! बदललंत तर बॅकपोर्ट झाला (फिक्स जुन्या लाइनमधे नेला) की मेनचं व्हर्जन पुसलं जाईल.

स्क्रिप्ट असली तरी रिलीजच्या आदल्या दिवशी ताळा करायचाच. मागचा टॅग ते आताचं रिलीज कँडिडेट यामधल्या गिट लॉगमधून सगळे तिकीट नंबर काढा, दुसरीकडे जिरातून त्या फिक्स व्हर्जनची तिकिटं काढा, दोन याद्या समोरासमोर ठेवा. गिटमधे आहे पण जिरात नाही, तर कुणीतरी व्हर्जन लावायचं विसरलंय, लावून टाका. जिरात आहे पण गिटमधे नाही, हे वाईट, म्हणजे फिक्स गेला असं आपण सांगणार आहोत आणि बिल्डमधे तो नाहीये. प्रत्येकाचं कारण शोधा. बऱ्याचदा डुप्लिकेट किंवा वोन्ट डू म्हणून बंद झालेलं तिकीट असतं ज्याचं फिक्स व्हर्जन काढायचं राहिलं. कधी चुकीच्या ब्रँचवर मर्ज झालेलं असतं. आणि रिव्हर्ट झालेले (मागे घेतलेले) कमिट हाताने बघा, कारण रिव्हर्टच्या मेसेजमधेही तोच तिकीट नंबर असतो आणि स्क्रिप्टला वाटतं सगळं ठीक आहे. एखाद्या कमिटबद्दल शंका असेल तर गिटच्या टॅग कमांडला कंटेन्स ऑप्शन देऊन विचारा हा कमिट कुठल्या टॅगमधे आहे. पण चेरी-पिक झाला की हॅश (कमिटचा ओळख क्रमांक) बदलतो, त्यामुळे चेरी-पिक करताना एक्स ऑप्शन लावायची सक्ती करा, म्हणजे मूळ कमिटचा हॅश मेसेजमधे लिहिला जातो.

हे का एवढं? अपाचेच्याच हडूप प्रोजेक्टचं उदाहरण घ्या, त्यांच्या रिलीज नोट्स आणि चेंजलॉग अपाचे येटसमधलं एक टूल थेट जिराच्या फिक्स व्हर्जनवरून बनवतं. तिथे तिकिटावर चुकीचं व्हर्जन म्हणजे जगासमोर चुकीचा चेंजलॉग.

रिलीज झालं की जिरात रिलीज बटण दाबा, उरलेल्या अपूर्ण तिकिटांचं काय करायचं ते तो विचारतो, तिथे घाईत "पुढच्या व्हर्जनमधे हलवा" करू नका. तुमच्या नव्या नियमाप्रमाणे अपूर्ण तिकिटावर फिक्स व्हर्जन असायलाच नको, तेव्हा ते रिकामं करा आणि टारगेट काय ते प्रॉडक्टवाल्यांना ठरवू दे. आणि रिलीज झालेल्या व्हर्जनचं तिकीट पुन्हा उघडायचं नाही, कधीच. तोच बग परत आला तरी नवीन तिकीट, अफेक्ट्समधे ते रिलीज झालेलं व्हर्जन, जुन्याला लिंक. जुनं उघडून त्याचं फिक्स पुढे सरकवलं की काल पाठवलेल्या रिलीज नोट्स आणि आजचा जिरा जुळत नाहीत, मग ऑडिटवाला विचारतो आणि आपण डोकं खाजवतो.

टीममधे कुणी म्हणेल की हे सगळं सोडून गिटहबवर जाऊ. जा, पण तिथे एका इश्यूला (म्हणजे तिकिटाला) एकच माइलस्टोन (तिथलं व्हर्जनसारखं फील्ड) लागतो, म्हणजे २.४.१ आणि २.५.० दोन्ही सांगायचं तर लेबल वापरा नाहीतर प्रत्येक बॅकपोर्टचा वेगळा इश्यू काढा. शिवाय पुल रिक्वेस्टमधे "फिक्सेस" लिहून इश्यू आपोआप बंद होतो तो फक्त डिफॉल्ट ब्रँचवरच्या मर्जला. पायथनवाले "नीड्स बॅकपोर्ट टू अमुक व्हर्जन" अशी लेबल लावतात आणि मूळ बदल मर्ज झाला की बॉट बॅकपोर्टची पुल रिक्वेस्ट बनवून देतो, तसं काही उभं करणार असाल तर जमेल.

आता साफसफाई. आधी वर सांगितलेली परमिशन बंद करा, नाहीतर तुम्ही पुसताय आणि मागून कुणीतरी नवीन टाकतोय. मग सगळ्या तिकिटांचा दोन्ही व्हर्जन फील्डसकट एक्सपोर्ट घेऊन ठेवा, कारण जिरातलं व्हर्जन मर्ज परत फिरवता येत नाही. "२.४", "व्ही२.४", "२.४ फायनल" हे सगळं २.४.० मधे मर्ज, पण आधी प्रत्येकातली चारदोन तिकिटं उघडून बघा, "२.४ फायनल" म्हणजे प्रत्यक्षात २.४.२ असं निघू शकतं. सपोर्ट संपलेल्या लाइन अर्काइव्ह करा, डिलीट नाही, अर्काइव्ह केलं की ड्रॉपडाउनमधून जातात आणि जुन्या तिकिटांवर तशीच राहतात. दोन वर्षांपूर्वीची तिकिटं दुरुस्त करत बसू नका, त्यांना कुणी विचारत नाही, २.३.० पासून पुढचीच नीट करा. आणि हे सगळं करायच्या आधी ग्रुपवर सांगा, कारण लोकांच्या सेव्ह केलेल्या फिल्टरमधे व्हर्जनची नावं लिहिलेली असतात, नाव बदललं किंवा मर्ज झालं की ते फिल्टर एरर देतात आणि डॅशबोर्ड कोरे होतात. जिथे शक्य आहे तिथे नावाऐवजी "अनरिलीज्ड व्हर्जन्स", "रिलीज्ड व्हर्जन्स" ही फंक्शन वापरून फिल्टर लिहून घ्या, शुक्रवारी संध्याकाळी मात्र यातलं काही करू नका.